पाप कोणी केलं, यानं की याच्या आईबापांनी?

(ईस्टरआधीच्या उपवासकाळात नागपूरच्या सदर नावाच्या भागात एका ख्रिस्ती मंडळीपुढे दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून लिहून काढलं आहे.)

बंधूंनो आणि भगिनींनो,

योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय तुम्हा सगळ्यांच्या परिचयाचा आहे. येशू रस्त्यानं चालला आहे आणि जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस तिथं बसला आहे. शिष्य विचारतात, गुरुजी, हा आंधळा जन्मला तर पाप कोणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? तो माणूस समोरच आहे, हे सगळं त्याच्या कानांवर पडतं आहे. तो जेवला का, त्याला घरचं कोणी आहे का, हे कोणी विचारत नाही. दोष कुणाच्या माथी मारायचा, एवढंच शिष्यांना जाणून घ्यायचं आहे. येशू म्हणतो, यानंही पाप केलं नाही आणि याच्या आईबापांनीही केलं नाही. देवाची कार्यं याच्या ठायी प्रकट व्हावीत म्हणून हे झालं. आणि लगेच मातीला हात लावून तो कामाला लागतो.

आज ज्या शिकवणीबद्दल मी बोलणार आहे, ती शिष्यांचा हाच प्रश्न पुन्हा विचारते आणि येशूचं उत्तर बाजूला सारून आपलं उत्तर देते. समृद्धीची सुवार्ता म्हणतात ती ही शिकवण तुम्ही ऐकलेली आहे. मोबाइलवर ऐकलेली आहे, लॉनवर आणि हॉलमध्ये भरणाऱ्या, प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या चंगाई सभांत ऐकलेली आहे. तू राजाचं लेकरू आहेस, राजाचं लेकरू भाड्याच्या खोलीत का राहील? तोंडानं कबूल कर म्हणजे घडेल. बी पेर म्हणजे शंभरपट मिळेल. आजार हा सैतानाचा, बरं होणं हा तुझा हक्क. आणि मिळालं नाही तर? तर तुझ्या विश्वासात खोट आहे, किंवा तू एखादं पाप लपवलं आहेस, किंवा तुझ्या घराण्यावर पिढीजात शाप आहे.

या शिकवणीवर टीका करणारे बहुधा प्रचारकाची गाडी, त्याचं घड्याळ, त्याचा बंगला दाखवतात. मी त्यावर वेळ घालवणार नाही. लोभी माणूस कुठल्याही शिकवणीच्या आडोशाला बसू शकतो, आणि ही शिकवण देणारे काही जण स्वतः साधे राहतात हेही मी पाहिलं आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. प्रचारक अगदी प्रामाणिक असला, त्यानं एक रुपयाही घेतला नाही, तरी ही शिकवण क्रूर आहे. कारण दुखणाऱ्या माणसाच्या दुखण्यावर ती दोषाचं ओझं ठेवते.

आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. सिकलसेल कुणाला ठाऊक नाही असं घर या मंडळीत क्वचितच असेल. इथल्या काही समाजांमध्ये या आजाराचं प्रमाण मोठं आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग सांधे, पाठ, छाती यांत अशा कळा येतात की मोठा माणूसही किंचाळतो. आई आणि वडील दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात लेकराला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. आईबाप स्वतः ठणठणीत असतात, त्यांना बहुधा पत्ताही नसतो.

अशाच एका लेकराच्या आईनं मला विचारलं होतं, "पास्टर साहेब, माह्या विश्वासातच खोट आहे काय जी?" एका सभेत तिला सांगण्यात आलं होतं की हा रक्तातला शाप आहे, आजा-पणजानं मूर्तीपुढं जे केलं त्याचं हे फळ. तिथं शाप तोडण्याची प्रार्थना झाली. गोळी घेणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं, असंही कोणीतरी सांगितलं. तिनं लेकराची सिकलसेलवरची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी बंद केली. थंडी पडली, लेकराला ताप आला आणि त्याला मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात भरती करावं लागलं. लेकरू वाचलं. पण ती बाई डॉक्टरशी बोलत नव्हती, माझ्याशी बोलताना मान वर करत नव्हती. लेकराच्या दुखण्यापेक्षा तिला आणखी एक दुखणं लागलं होतं: हे माझ्यामुळे झालं. आधी रक्तामुळे, मग विश्वास कमी पडल्यामुळे. दोन्हीकडून तीच गुन्हेगार.

पिढीजात शाप सांगणारे निर्गमाच्या विसाव्या अध्यायाचा आधार घेतात, बापांच्या पापाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत मुलांना, या वचनाचा. पण यहेज्केलाचा अठरावा अध्याय ते उघडत नाहीत. बाबेलच्या बंदिवासात लोक एक म्हण म्हणत होते: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. देव यहेज्केलामार्फत सांगतो की ही म्हण यापुढे इस्राएलात कोणी उच्चारायची नाही. ज्याचं पाप त्याच्यापाशी, मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. आणि जो शाप होता तो ख्रिस्तानं आपल्यासाठी स्वतःवर घेतला, असं पौल गलतीकरांना लिहितो. वधस्तंभावर उचलला गेलेला शाप पुन्हा शोधून एका आईच्या पदरात घालायचा अधिकार कोणत्याही सेवकाला नाही. मी हे रागानं बोलतो आहे, आणि राग यावा अशीच ही गोष्ट आहे.

आता नागपूरकर म्हणून थोडं बोलतो. आपण ज्या शहरात बसलो आहोत तिथं १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसं दीक्षाभूमीवर जमली. आपली आजची अवस्था हे मागल्या जन्मीच्या पापाचं फळ आहे, म्हणून ती मुकाट्यानं सोसायची, ही शिकवण त्यांनी टाकून दिली. त्यांची वाट आपल्यापेक्षा वेगळी आहे, तिचा मी आदर करतो. पण आपल्यापैकी कितीतरी जणांचे आजे-पणजे त्याच वस्त्यांतून, तोच अपमान सोसून मंडळीत आले. त्यांनी मिशनच्या शाळेत पाटीवर पहिलं अक्षर काढलं तेव्हा त्यांना काय ऐकू आलं होतं? की तुम्ही शापित नाही. तुमची जात हा तुमच्या पापाचा पुरावा नाही. देव तुमच्या बाजूला उभा आहे. ही सुवार्ता त्यांना इतकी मोलाची वाटली की तिच्यासाठी त्यांनी नुकसान सोसलं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती ठरल्या त्या धर्माच्या अटीसह; १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेण्यात आलं, ख्रिस्ती झालेल्या दलितांना आजवर नाही. शेजारच्या घरातल्या मुलाला शिष्यवृत्ती मिळते आणि आपल्याला नाही, हे पाहत आपल्या किती मुलांनी शिक्षण पुरं केलं! विश्वासाची किंमत त्यांनी रोख मोजली आहे.

आणि आज त्याच घरांतल्या नातवंडांना मंचावरून सांगितलं जातं की तुम्ही गरीब आहात कारण तुमचा विश्वास अपुरा आहे. जन्माच्या जागी विश्वास आला, पूर्वकर्माच्या जागी पिढीजात शाप आला. बाकी सगळं तेच. आजोबा ज्यातून बाहेर पडले, नातू भजन म्हणत त्यातच परत शिरतो आहे.

ईयोबाचं पुस्तक नेमकं याचसाठी शास्त्रात आहे. ईयोब देवभीरू माणूस, आणि त्याची मुलं, संपत्ती, तब्येत सगळं एकाएकी गेलं. त्याचे मित्र वाईट नव्हते. सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, आणि तेवढे दिवस ते खरे मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडलं. अलीफज म्हणाला, निर्दोष माणसाचा कधी नाश झाला आहे का? बिल्दद तर त्याहून पुढे गेला, तुझ्या मुलांनी पाप केलं असेल म्हणून ती मेली. बापाच्या तोंडावर हे बोलला. त्यांची प्रत्येक ओळ आजच्या सभेत खपून जाईल: देवाला शोध, अशुद्धता दूर कर, मग तुझी भरभराट होईल. पुस्तकाच्या शेवटी देव ईयोबावर रागावत नाही, मित्रांवर रागावतो. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. देवाशी भांडणारा, जन्मदिवसाला शाप देणारा ईयोब खरं बोलला, आणि देवाची बाजू मांडणारे खोटे ठरले. मला वाटतं, प्रत्येक पाळकानं दुखवट्याच्या घरी जाण्याआधी हा बेचाळिसावा अध्याय वाचून निघावं.

काहीजण म्हणतील, ईयोबाला शेवटी दुप्पट मिळालं ना? मिळालं. पण मागून, पेरून किंवा कबूल करून मिळालं नाही. आणि मेलेली मुलं परत आली नाहीत.

आता पैशाकडे येतो, कारण तो विषय टाळून चालणार नाही. दोन वचनं सगळ्यात जास्त वापरली जातात. पहिलं मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातलं: दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, भांडारात आणा, मग मी आकाशाच्या खिडक्या उघडतो की नाही ते पाहा. हे वचन ऐकवणारे त्याच अध्यायातलं पाचवं वचन ऐकवत नाहीत. तिथं देव म्हणतो की मजुराची मजुरी बुडवणारे, विधवेला आणि अनाथाला छळणारे, परक्याचा हक्क मारणारे यांच्याविरुद्ध मी साक्षीला उभा राहीन. दशांश कशासाठी होता ते अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात लिहिलं आहे: दर तिसऱ्या वर्षी तो गावातच ठेवायचा आणि मंदिरसेवक लेवी, परका, अनाथ, विधवा यांनी येऊन पोटभर खायचं. म्हणजे ज्या विधवेच्या नावानं दशांश गोळा व्हायचा, तिच्याकडूनच आज तो मागितला जातो, आणि दिला नाही तर शाप लागेल म्हणून धाक घातला जातो.

दुसरी गोष्ट विधवेच्या दोन दमड्यांची, मार्क १२. या गोष्टीवर मी लहानपणापासून प्रवचनं ऐकत आलो, आणि बहुतेक प्रवचनं एकेचाळिसाव्या वचनापासून सुरू होतात. तीन वचनं मागून सुरुवात करून पाहा. येशू सांगतो, शास्त्र्यांपासून जपा. त्यांना लांब झगे घालून मिरवायला आवडतं, जेवणावळीत मानाच्या जागा आवडतात, आणि ते विधवांची घरं खाऊन टाकतात आणि ढोंगानं लांबलचक प्रार्थना करतात. हे बोलून तो भांडारासमोर बसतो, आणि त्याच्या डोळ्यांसमोर एक विधवा येऊन आपली सगळी उपजीविका त्या पेटीत टाकते. तिचं मन मोठं आहे, तो ते मान्य करतो. पण ज्यांनी तिला असं करायला शिकवलं त्यांच्याविषयी तो नुकताच बोलून चुकला आहे. पुढच्याच अध्यायाच्या सुरुवातीला शिष्य मंदिराचे चिरे किती मोठे म्हणून कौतुक करतात, तेव्हा तो सांगतो की इथं दगडावर दगड राहणार नाही. विधवेचं शेवटचं नाणं गिळणाऱ्या व्यवस्थेचं काय होणार, ते तो सांगून टाकतो. ही गोष्ट दानपेटी फिरवताना सांगायची, आणि ऐकणाऱ्यांत खरोखरच एक विधवा बसलेली असताना सांगायची, हे मला सहन होत नाही.

आणि बी पेरण्याचं काय? बाहेरच्या प्रचारकांनी हे शब्द विदर्भात येऊन तरी जपून वापरावेत. आपल्या मंडळीत यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडून आलेली माणसं आहेत. त्यांनी खरंच बी पेरलेलं आहे. पाऊस दडी मारतो, दुबार पेरणी करावी लागते, सावकाराकडे पुन्हा जावं लागतं. २०१७ साली उभ्या कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरली आणि बोंडं आतून पोखरली गेली. त्या शेतकऱ्यांपैकी कोणाचा विश्वास कमी पडला होता? पेरलं की शंभरपट येतंच असं शेतकरी कधी म्हणत नाही. येशूनंही म्हटलं नाही. त्याच्या दाखल्यात तर चारांपैकी तीन ठिकाणचं बी वाया जातं. आणि ते बी म्हणजे पैसा नाही, वचन आहे. शंभरपटीचं दुसरं वचन मार्कच्या दहाव्या अध्यायात आहे, घरं, भाऊ, बहिणी, आया, शेतं; पण त्याच ओळीत छळही मिळतील असं आहे. ते अर्धं वाक्य मंचावर पोहोचतच नाही.

हे सगळं आलं कुठून, ते थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत विचारांच्या बळावर आजार आणि दारिद्र्य जातं असं सांगणारे पंथ निघाले. त्या हवेत वाढलेले ई. डब्ल्यू. केन्यन (१८६७ ते १९४८) यांनी तोंडानं कबूल केलेलं घडून येतं असं ख्रिस्ती भाषेत लिहिलं. अमेरिकन प्रचारक केनेथ हेगिन यांनी ते घरोघर नेलं. दुसरे प्रचारक ओरल रॉबर्ट्स यांनी देणगी म्हणजे बी, ही मांडणी लोकप्रिय केली. १९८७ साली त्यांनी जाहीर केलं की ऐंशी लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला उचलून नेईल. न्यायानं हेही सांगायला हवं की प्रार्थना आणि औषध हातात हात घालून चालावेत म्हणून तुल्सा इथं १९८१ साली त्यांनीच मोठं रुग्णालय सुरू केलं होतं. ते १९८९ मध्ये बंद पडलं. आणि हेगिन यांनी २००० साली, म्हातारपणी, एक पुस्तक लिहून आपल्याच शिष्यांना बजावलं की पैशाच्या बाबतीत तुम्ही मर्यादा ओलांडली आहे.

आपण जुन्या मंडळ्यांचे लोक हे सगळं चंगाईवर भर देणाऱ्या पेन्टेकॉस्टवाल्यांच्या खात्यावर टाकून मोकळे होतो, ते बरोबर नाही. असेंब्लीज ऑफ गॉड या मोठ्या पेन्टेकॉस्ट मंडळीनं अमेरिकेत १९८० सालीच या शिकवणीविरुद्ध लेखी भूमिका घेतली. २००८ आणि २००९ साली घानामधल्या अक्रोपाँगला आफ्रिकेतले अभ्यासक लोझान या जगभरच्या ख्रिस्ती सुवार्ता चळवळीच्या वतीनं जमले आणि त्यांनी तिच्यातल्या चुका एकेक करून दाखवल्या. देव आजही बरं करतो असं मानणारेच त्यात होते. मीही मानतो. आजाऱ्यावर हात ठेवून मी प्रार्थना करतो आणि करत राहीन.

पण पौलानंही केली होती. शरीरातला काटा काढ म्हणून त्यानं प्रभूला तीनदा विनवलं आणि उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरे. त्रफिमाला त्यानं मिलेतात आजारी सोडलं. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत होते, त्याच पौलानं आपल्या लाडक्या तीमथ्याला औषध सुचवलं, विश्वास वाढव असं सांगितलं नाही.

आपल्या महाराष्ट्राच्या मंडळीचा इतिहास तरी काय सांगतो? स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. शाळा काढली, इथले दगड आणि जीवाश्म अभ्यासले, गोंडांच्या परंपरा लिहून ठेवल्या. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळं पाहून परतताना पुराच्या नाल्यात बुडून गेले. त्यांचा विश्वास कमी पडला? नारायण वामन टिळक या नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला राहिलेले. राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात त्यांच्या हाती नवा करार आला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यातून त्यांना मिळालं काय? नातलग तुटले, लक्ष्मीबाई कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. आज टिळक साक्ष द्यायला उभे राहिले तर आशीर्वादाच्या सभेत त्यांना माईक मिळेल का, मला शंका आहे.

पंडिता रमाबाईंविषयी तर मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं. १८७४ च्या दुष्काळात आईवडील गेले. १८८२ मध्ये पटकीनं नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या आपल्या या मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी मुली, बाया गोळा करून घेऊन गेल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. रमाबाई मागत होत्या, हे विसरू नका. धान्यासाठी, विहिरीच्या पाण्यासाठी, पैशासाठी त्या देवाकडे रोज मागत, आणि मिळे. विश्वासानं मागणं म्हणजे काय ते पाहायचं असेल तर केडगावला पाहा. पण मागितलेलं जात होतं शेकडो पोरक्या मुलींच्या ताटात. आणि इतक्या विश्वासाच्या या बाईची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये तिच्या आधी गेली. पुढच्या वर्षी ५ एप्रिलला रमाबाई गेल्या. केडगावी जाऊन कोणी त्यांना विचारलं असतं का, बाई, पाप कोणी केलं?

याच परंपरेनं या शहरात आजाराला काय उत्तर दिलं? स्कॉटिश मिशननं म्यूर मेमोरियल रुग्णालय बांधलं. स्त्रियांना तपासायला स्त्री डॉक्टर आणली. रोग्याला शाप विचारत बसली नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ती तुमच्यातल्या तरुणांनी नीट ऐकावी. १९५४ साली, नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं तेव्हा, सरकारनं निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. १९५६ मध्ये अहवाल आला. पैशाचं, शिक्षणाचं, औषधाचं आमिष दाखवून धर्मांतर होतं, हा त्यातला मोठा आरोप. आपल्या वडीलधाऱ्यांना तो फार लागला, कारण त्यांनी सेवा केली ती मोबदल्याशिवाय. आजही हा आरोप आपल्यावर होतो, अनेकदा अन्यायानं होतो, प्रार्थनेला जमलेल्या गरीब माणसांना त्याचा त्रास होतो. अशा वेळी मंचावरून कोणी ओरडून सांगत असेल की येशूकडे या, कर्ज फिटेल, प्लॉट मिळेल, व्हिसा लागेल, तर आरोप करणाऱ्याला आणखी पुरावा कशाला हवा? ख्रिस्ताचं नाव आमिषाला लावायचं नाही. संदेष्टा अलीशानं कोडातून बऱ्या झालेल्या नामानाची चांदी घेतली नाही. त्याचा चाकर गेहजी मागे धावत गेला आणि घेऊन आला. अलीशासमोरून निघाला तो कोडी होऊन.

मग लोक तिकडे का जातात? आपली माणसं भोळी आहेत असं म्हणून हा प्रश्न सोडवू नका. सिकलसेलच्या लेकराची ती आई त्या सभेला गेली कारण तिथं तिला नाव घेऊन कोणीतरी विचारलं, काय झालं ताई? तिच्या डोक्यावर हात ठेवून कोणीतरी रडलं. आपल्या उपासनेत ती मागच्या बाकावर बसायची, प्रभूभोजन घ्यायची, घरी जायची. आपल्या जुन्या मंडळ्यांनी दगडी इमारती जपल्या, जमिनींचे खटले वर्षानुवर्षं लढवले, निवडणुका लढवल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, केवढी मोठी आशा होती ती. पण गुरुवारी संध्याकाळी इंदोऱ्याच्या गल्लीत आजारी माणसाच्या खाटेजवळ बसायला कोण जातं? जिथं आपण जात नाही तिथं कोणीतरी जातंच. आणि त्या लहान मंडळ्यांत दारू सोडलेले बाप आहेत, मार खाणं थांबलेल्या बायका आहेत, हे मी नाकारणार नाही. म्हणून या शिकवणीला उत्तर द्यायचं तर ते नुसत्या व्याख्यानानं देता येणार नाही, माझ्यासुद्धा.

यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन आपल्या घराघरांत फ्रेम करून लावलेलं आहे: तुमच्याविषयी माझे जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत. ते पत्र गेलं बाबेलातल्या बंदिवानांना. आदल्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना तो आवडला असणार. यिर्मया लिहितो, सत्तर वर्षं. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण परत जाणारच नव्हते. तोवर घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, ज्या शहरात आहात त्या शहराच्या हितासाठी प्रार्थना करा. हिताचा संकल्प हा होता.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांना उत्तर देतो.

एका ताईंनी विचारलं आहे, मग नोकरीसाठी, लेकराच्या आजारासाठी मागू नये का? ताई, मागा. रडून मागा, भांडून मागा. स्तोत्रसंहितेत कितीतरी स्तोत्रं तक्रारीची आहेत, अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. देव ते आपल्या पुस्तकात ठेवतो, खोडत नाही. गेथशेमानेत येशूनं मागितलं की हा प्याला टळो. टळला नाही. त्याचा विश्वास कमी होता असं म्हणायला कोणाची जीभ धजेल? आणि लेकराची गोळी चालू ठेवा. घरात कोणाचं लग्न ठरत असेल तर आधी दोघांची सिकलसेलची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात होते.

दुसरी चिठ्ठी: दशांश कुठे द्यावा? मी माझ्या मंडळीसाठी मागायला आलेलो नाही, म्हणून मोकळेपणानं सांगतो. अनुवादाचा चौदावा अध्याय घरी वाचा आणि आपल्या गल्लीतलं कोण त्यात बसतं ते पाहा: कोणाची फी भरायची आहे, कोणाची औषधं थांबली आहेत. मंडळीत देत असाल तर वर्षाचा हिशेब सगळ्यांपुढे वाचला जावा असा आग्रह धरा. तो मागणं हा अविश्वास नाही. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी पौलानं वर्गणी गोळा केली तेव्हा पैसे त्यानं एकट्यानं नेले नाहीत. दुसऱ्या करिंथकरांसच्या आठव्या अध्यायात तो लिहितो की मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू आमच्यासोबत दिला आहे, कारण एवढ्या मोठ्या रकमेबद्दल आमच्यावर कोणी ठपका ठेवू नये म्हणून आम्ही जपतो. जे प्रभूच्या दृष्टीनं चांगलं तेच नव्हे, तर माणसांच्या दृष्टीनंही जे चांगलं ते करतो.